यंत्र आले, भूलतज्ज्ञ कुठे आहे? आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

मा. आरोग्यमंत्री महोदय,

विषय : एमआरआयसाठी लहान मुलांना दिले जाणारे गुंगीचे औषध.

सविनय नमस्कार.

आमच्या जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयात एमआरआय यंत्र आले, तेव्हा लहान मुलांसाठी भूलतज्ज्ञाची सोय केली जाईल, असे उद्घाटनाच्या व्यासपीठावरून जाहीर झाले होते. गेल्या आठवड्यात माझ्या चार वर्षांच्या मुलीला आकडीच्या तपासणीसाठी तेथे नेले, तेव्हा यंत्र होते, कोनशिला होती, भूलतज्ज्ञ नव्हता.

उपाशी आणा, एवढेच सांगितले असल्याने सकाळपासून तिला पाण्याचा घोटही दिला नव्हता आणि नंबर लागला दुपारी. दूध व हलके खाणे सहा तास बंद ठेवायचे असले, तरी साधे पाणी दोन तास आधीपर्यंत चालते, हे मला नंतर एका खासगी भूलतज्ज्ञाकडून कळले. भुकेने कळवळणारे मूल झोपत नाही, हे कळायला मात्र पदवी लागत नाही. वजन न करता, केवळ विचारून, तिला सिरप पाजले गेले. ती झोपेना म्हणून पुन्हा पाजले गेले. अर्धा-पाऊण तास निश्चल पडून राहणे तिला जमले नाही, तेव्हा तपासणी अर्धवट सोडून आम्हाला बाहेरच्या बाकावर बसवण्यात आले. दुसरी मात्रा खरी चढली ती तेथे, माझ्या मांडीवर. मान लुळी पडली, ओठ निळसर झाले आणि ते पाहायला माझ्याखेरीज कोणी नव्हते. बोटाला ऑक्सिमीटरसुद्धा नव्हता. बालरुग्ण विभागातील एक परिचारिका ऑक्सिजन घेऊन धावली, म्हणून मुलगी घरी आली. संमतीपत्रावर माझी सही घेण्यात मात्र जराही हयगय झाली नव्हती.

प्रत्येक मुलाला औषध लागतेच असेही नाही. काही आठवड्यांचे बाळ पोटभर दूध पाजून, घट्ट गुंडाळले की बहुधा झोपते. सीटी स्कॅन तर काही सेकंदांत होतो. पण जेथे औषध द्यायचेच आहे, तेथे मुलाच्या श्वासाकडे पाहण्याखेरीज दुसरे काम नसलेला एक प्रशिक्षित माणूस, ऑक्सिजन, घशातील स्राव ओढून काढणारे सक्शन यंत्र आणि मूल पूर्ण जागे होईपर्यंत खाट, एवढे मागणे म्हणजे चैन आहे काय? ऑक्सिजनही भिंतीतल्या नळीतून हवा, कारण एमआरआय यंत्र म्हणजे प्रचंड ताकदीचे चुंबक; लोखंडी सिलिंडर ते खेचून घेते. 2001 मध्ये न्यूयॉर्क राज्यात गुंगीतल्या सहा वर्षांच्या मुलाचा यंत्राने खेचलेल्या सिलिंडरच्या आघाताने जीव गेला; 2018 मध्ये मुंबईच्या नायर रुग्णालयात सिलिंडरसह खेचला गेलेला एक तरुण दगावला.

महोदय, 2021 मध्ये भंडाऱ्यात दहा नवजात बालके आगीत गेली, चौकशी झाली, अहवाल आला. आपल्या राज्यात यंत्राची निविदा निघते, ते चालवणाऱ्या माणसाचे पद रिक्त राहते. भूलतज्ज्ञांची निम्मी पदे भरलेलीच नाहीत, असे आमच्या रुग्णालयातील कर्मचारीच सांगतात. खोटे असेल तर आकडे जाहीर करावेत, आम्हाला आनंदच होईल. फीत कापायला माणसे कधी कमी पडली नाहीत!

‘हालचालीमुळे प्रतिमा अस्पष्ट, तपासणी पुन्हा करावी’ असा अहवाल माझ्या हाती आहे. खासगी केंद्राचा खर्च मला झेपणारा नाही. तेव्हा पुढच्या तारखेला माझ्या मुलीच्या उशाशी कोण उभे राहणार, त्यांचे नाव व पद मला लेखी कळवावे.

आपला,
एका रुग्ण मुलीचा बाप