शुभास पत्र

प्रिय शुभे,

दिवाळीला फोन केला नाही म्हणून चिडली असशील तर चीड, पण आधी हे वाच, मग भांड. तब्येत ठीक. गुडघा कुरकुरतो, गोळ्या चालू.

परवा माझ्या संशोधनातला वस्तीतल्या पोरांचा नकाशा पुरा झाला. पोलीस कुठे थांबवतात ते त्यांनीच मांडलंय: जोडलेले चार्टपेपर आणि राणीच्या पाकिटातल्या लाल टिकल्या. एटीएमपाशी टिकलीवर टिकली चढलीये, तिथे मोबाइल उघडायला लावून मेसेज वाचतात. पुलाखाली गाडीची कागदपत्रं. गण्याने मात्र एक टिकली स्वतःच्या घराच्या दारावर चिकटवली. "गणपतीच्या आधी इथूनच उचलतात ना." त्याच्यावर चॅप्टर केस (शांतता राखीन असं हमीपत्र घ्यायची प्रतिबंधक कारवाई) झालेली आहे, शाबीत गुन्हा एकही नाही.

मग मी अहवालाचा मसुदा वाचून दाखवला. नावं अर्थातच बदललेली. गण्या म्हणाला, "मॅडम, चौकीतल्या रजिस्टरात माझं नाव बापाच्या नावासकट असतं. तुमच्या पुस्तकात मी सचिन कशाला?" सगळी खो खो हसली, कारण तो कट्टर धोनीवाला. मला काही हसू आलं नाही.

तू वकील, आता कलमं काढशीलच. बाल न्याय कायदा २०१५, कलम ७४: पोलीस-कोर्टाच्या प्रकरणात आलेल्या अठराच्या आतल्यांची ओळख उघड करायची नाही. बरोबर, गटातल्या त्या दोघा अल्पवयीन पोरांचा प्रश्नच नाही. पण गण्या एकवीसचा आहे. प्रश्नावली त्याने माझ्याकडून तीनदा बदलून घेतली ("असं विचारलं तर कोणी खरं सांगणार नाही"), निम्म्या मुलाखती त्याच्याच. तो पारधी. त्याच्या पणजोबांना १८७१ पासून चालत आलेल्या गुन्हेगार जमाती कायद्याखाली (अख्ख्या जमातींनाच जन्मतः गुन्हेगार ठरवणारा) हजेरी द्यावी लागायची. तो कायदा १९५२ ला देशभरातून गेला, आणि १९५९ ला मुंबई राज्याने सराईत गुन्हेगारांचा कायदा आणला. ऑक्टोबर २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाने तुरुंगाच्या रजिस्टरांतला जातीचा रकाना काढायला लावला, ती बातमी गण्याने मोबाइलवर जपून ठेवलीये. म्हणतो, "कोर्टाने जात खोडली, तुम्ही नाव खोडा."

आमच्या संशोधन-नीती समितीचं उत्तर ठरलेलं: नाव नको. त्यांचंही खोटं नाही. उद्या कुणाच्या डोळ्यांत खुपलं तर महाराष्ट्र पोलीस कायद्याचं कलम ५६ आहेच, दोन वर्षांपर्यंत तडीपार. आईला दमा, घर त्याच्या मजुरीवर. भोगायचं त्यांनी, शोधनिबंध माझा. (सोसायटीतल्या काकू मला अजूनही समाजसेविका समजतात. हे वाचलं तर समजणार नाहीत.)

मी एक तोडगा काढला: मुखपृष्ठावर संशोधक म्हणून सगळ्या सज्ञान पोरांची खरी नावं, आत मात्र कुठला प्रसंग कुणाचा ते सांगायचंच नाही. पण दारावरची ती टिकली? वस्ती ओळखणाऱ्याला घर लगेच कळेल. म्हटलं, तेवढी एक काढू. गण्या म्हणाला, "मग नकाशाच काढून टाका."

तुलाच का लिहितेय ते कळलं असेल. होस्टेलच्या भित्तिपत्रकात मेसच्या ठेकेदारावर मी लिहिलेलं, आणि रात्रीतून तू खालचं माझं नाव खरवडलंस. माझी शिष्यवृत्ती वाचली म्हणे! मी किती दिवस बोलले नव्हते तुझ्याशी. अजूनही वाटतं, मला विचारायला हवं होतंस. आता खरवडायचं पातं माझ्या हातात, आणि इथे तर विचारून झालंय, उत्तरही मिळालंय.

वकील म्हणून सांग: त्याची लेखी संमती घेतली तर ती त्याच्या कामी येईल, की नुसती माझ्या? आणि मैत्रीण म्हणून वेगळं सांग.

चिनूची बारावी कशी चाललीये? वरचा मजला बांधून झाला का? सासूबाईंना नमस्कार.

महिनाअखेर अहवाल छपाईला जातोय, त्याआधी कळव. आणि सल्ल्याची फी लावलीस तर त्या शिष्यवृत्तीच्या हिशोबात वळती करून घे.

तुझी,
नीला