वैमानिकाचा पगार नव्हे, यादीतला नंबर विचारा

संपादक महोदय,

डिसेंबर २०२५ मध्ये इंडिगोची विमाने धडाधड रद्द झाली आणि वैमानिकांच्या विश्रांतीच्या नव्या नियमांची चर्चा घरोघरी पोहोचली. आठवड्याला सलग ४८ तास विश्रांती, रात्रीची दोनच लँडिंग, हे आकडे आता अनेकांना पाठ आहेत. तरीही ‘महिन्याला सत्तर-ऐंशी तास तर उडायचं’ हे पालुपद सुटत नाही. उडण्याचे तास सगळे मोजतात, वाट पाहण्याचे कोणी मोजत नाही. मुलाला वैमानिक करून अमेरिकेत पाठवायची स्वप्ने पाहणाऱ्या पालकांनी तर तिथली सीनिऑरिटी (ज्येष्ठताक्रम) आणि ‘रिझर्व्ह’ (राखीव ड्युटी) आधी समजून घ्यावे.

तिथल्या मोठ्या कंपनीत रुजू होताच यादीत नंबर लागतो. एकाच दिवशी आलेल्यांत काही कंपन्या वयाने मोठ्या असलेल्याला वर ठेवतात. त्यानंतर उत्तम काम, साहेबांची मर्जी, आधीच्या कंपनीतली वीस वर्षे, कशानेही तो नंबर हलत नाही. वरचे निवृत्त झाले किंवा सोडून गेले तरच आपण सरकायचे. कोणत्या शहरातून उडायचे, कोणते विमान, सहवैमानिकाची उजवी खुर्ची की कॅप्टनची डावी, महिन्याचे वेळापत्रक, वार्षिक रजा, सगळे या क्रमाने वाटले जाते. संगणक आधी सर्वांत वरच्याची पसंती भागवतो, मग त्याच्या खालच्याची. तळापर्यंत पोहोचताना ख्रिसमसचा आठवडा आणि शनिवार-रविवार संपलेले असतात.

रोजच्या आयुष्यात मात्र कंपनीतल्या एकूण नंबरापेक्षा आपल्या बेसवर (जिथून ड्युटी सुरू होते त्या शहरात), त्याच विमानावर, त्याच खुर्चीत आपल्या वर किती जण आहेत याला महत्त्व. म्हणून डावी खुर्ची मिळत असूनही ती नाकारणारे फर्स्ट ऑफिसर (सहवैमानिक) तिथे बरेच सापडतील. उजव्या खुर्चीत वरचा क्रमांक म्हणजे ठरलेल्या फेऱ्या, हव्या त्या सुट्ट्या. कॅप्टन झाले की पगार वाढतो, पण माणूस त्या गटाच्या तळाशी जातो आणि पुन्हा रिझर्व्हवर बसतो. लहान मुले घरी असतील तर हा हिशेब सोपा नाही.

रिझर्व्ह म्हणजे फेऱ्या न देता फक्त हजर राहण्याचे दिवस नेमून देणे. ‘लाँग कॉल’मध्ये निघण्यापूर्वी पुरेशी विश्रांती मिळेल इतका आधी निरोप येतो. ‘शॉर्ट कॉल’मध्ये फोन आला की करारानुसार साधारण दोन तासांत विमानतळ गाठायचा. जानेवारी २०१४ पासून लागू असलेल्या अमेरिकी नियमांप्रमाणे ही उपलब्धता सलग १४ तासांपर्यंत असू शकते. तिच्या सुरुवातीपासून ड्युटी संपेपर्यंत, जादा वैमानिक सोबत नसतील तर, जास्तीत जास्त १६ तास. काही वेळांना त्याहून कमी. समजा उपलब्धता पहाटे ४ ला सुरू झाली, फोन सकाळी १० ला आला आणि हजेरी दुपारी १२ ची. रात्री ८ पर्यंतची ड्युटी कायदेशीर. फोन येईल म्हणून तो पहाटेपासून टक्क जागा होता की झोपला होता, हे नियमाला कळत नाही. फोन आलाच नाही तर लोकांच्या लेखी तो दिवस ‘घरी बसून’ गेला. महिन्याचे साधारण ७०-७५ तासांचे हमीचे वेतन मिळते, हे खरे. पण त्या दिवशी दुसऱ्या गावी जाता येत नाही, दारूचा घोट घेता येत नाही आणि मुलाला शाळेतून आणायचे कबूल करता येत नाही.

बेस एका शहरात आणि घर दुसऱ्या शहरात असेल तर हाल विचारू नका. दोन तासांत पोहोचायचे म्हणून बेसजवळ खाट भाड्याने घ्यावी लागते. न्यूयॉर्कच्या क्यू गार्डन्समध्ये एकेका फ्लॅटमध्ये बंक बेड लावून अशी सोय केलेली असते. १२ फेब्रुवारी २००९ रोजी बफेलोजवळ कोलगन एअरचे विमान कोसळून ५० जणांचा बळी गेला. त्याची सहवैमानिक आदल्या रात्री सिएटलहून मालवाहू विमानाने नेवार्कला आली होती. अपघाताचे मुख्य कारण कॅप्टनने चुकीच्या दिशेने ओढलेला कंट्रोल कॉलम (विमानाचे नाक वर-खाली करणारा दांडा) हे ठरले, तरी दोघांच्या थकव्याचीही नोंद झाली आणि पुढे विश्रांतीचे नियम बदलले. घरापासून बेसपर्यंतचा प्रवास मात्र आजही ड्युटीत धरत नाहीत.

एवढे असूनही वैमानिक कंपनी का सोडत नाहीत? नव्या कंपनीत पुन्हा तळापासून सुरुवात करावी लागते म्हणून. आपल्याकडे आणि आखातात अनुभवी माणसाला थेट कॅप्टन म्हणून घेतात. एप्रिल २०१९ मध्ये जेट एअरवेज बंद पडल्यावर हा मार्ग अनेकांच्या कामी आला. अमेरिकेतल्या मोठ्या कंपन्यांत तो सहसा नसतो. शिवाय यादी गोठते ती वेगळीच. डिसेंबर २००७ मध्ये तिथे निवृत्तीचे वय ६० वरून ६५ झाले आणि खालच्यांची पाच वर्षे जागच्या जागी गेली. मंदीत नोकऱ्या जातात त्या तळाकडून. २००५ मध्ये यूएस एअरवेज आणि अमेरिका वेस्ट या विमान कंपन्या एकत्र आल्या, तेव्हा दोन याद्यांच्या मिसळणीवरून पेटलेला वाद दहा वर्षे पुरला.

तेव्हा नोकरीचे पत्र हाती आले की सुरुवातीच्या बोनसपेक्षा चार गोष्टी विचाराव्यात. त्या बेसवर त्या खुर्चीतले किती जण रिझर्व्हवर आहेत? त्यातून सर्वांत अलीकडे बाहेर पडलेल्याला किती महिने लागले? फोननंतर हजेरीची मुदत करारात किती? पुढच्या पाच वर्षांत वरून किती जण निवृत्त होणार? आणि आपल्या नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने कंपन्यांकडून उड्डाणाच्या तासांबरोबर स्टँडबायचे, म्हणजे बोलावण्याची वाट पाहण्याचे, तासही मागवून दर महिन्याला जाहीर करावेत.

– एक वाचक, ठाणे