ऑर्गनच्या कारागिरांनो, मनापासून आभार

जर्मनीतल्या फ्रायबर्गच्या कॅथेड्रलमधला, हवा फुंकून वाजणाऱ्या नळ्यांचा ऑर्गन ऐकून कान तृप्त झाले. गॉटफ्रीड झिल्बरमानने तो 1714 साली पूर्ण केला, हे सगळे सांगतात. पण 300 वर्षं त्याला बोलतं ठेवणाऱ्या छोट्या कार्यशाळांतल्या माणसांची नावं कोण घेतं? कथिल-शिशाचा रस ओतून नळ्यांसाठी पत्रा करणारे, भात्याचं चिरलेलं कातडं बदलणारे तुम्ही! तुमच्यापैकी एकांनी हातातलं काम बाजूला ठेवून आम्हाला एक सुटी नळी फुंकून दाखवली. तिच्या ओठांतली फट केसभर बदलली की सूरच पालटतो, आणि ते पारखायला शेवटी कानच लागतो. 2017 मध्ये युनेस्कोने जर्मनीच्या या कलेला वारसा म्हणून मान दिला. तो मान तुमचाच आहे. तुम्हा सर्वांचे शतशः आभार!