आधी करारनामा वाचावा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत मोबाइलवर क्रमशः कादंबऱ्या लिहिणाऱ्यांविषयी आलेला लेख वाचला. अशा लेखकांनी आधी एखाद्या जुन्या प्रकाशनसंस्थेच्या कसोटीला उतरावे आणि मगच स्वतःला कादंबरीकार म्हणवून घ्यावे, असा त्याचा एकंदर सूर आहे. मी नाशिकमध्ये राहून अद्भुतरम्य प्रेमकादंबऱ्या लिहिते. काही ऑनलाइन हप्त्यांनी प्रसिद्ध झाल्या, काही ई-पुस्तक म्हणून, तर काही छापील स्वरूपात. या प्रकाराच्या प्रतिष्ठेविषयी पुष्कळ बोलले जाते, लेखकाच्या हक्कांविषयी मात्र कोणी बोलत नाही, आणि प्रत्यक्ष नुकसान तिथेच होते. म्हणून हे पत्र.

प्रतिष्ठेचा मुद्दा आधी थोडक्यात. अद्भुत आणि शृंगार यांची सांगड मराठी कादंबरीला परकी नाही. लक्ष्मणशास्त्री हळबे यांची ‘मुक्तामाला’ १८६१ साली आली, त्याच दशकात नारो सदाशिव रिसबूड यांची ‘मंजुघोषा’ आली, आणि आपल्या कादंबरीचा आरंभीचा वाचक घडला तो अशाच पुस्तकांवर. हप्त्यांचेही तसेच. हरिभाऊ आपटे यांनी १८९० मध्ये ‘करमणूक’ साप्ताहिक सुरू केले आणि त्यातून आपल्या कादंबऱ्या क्रमशः छापल्या. त्यांना त्यामुळे कोणी कमी लेखले नाही. डिसेंबर २०२१ मध्ये नाशिकला ९४वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले, तेव्हा अध्यक्षपदी जयंत नारळीकर यांच्यासारखे विज्ञानकथाकार होते, ही गोष्टही या गावाने विसरू नये.

माझा दिवस इतर नोकरदार बायकांसारखाच जातो. सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्याच्या हिशेब विभागात मी काम करते. लिहिणे होते ते पहाटे, घरातले उठण्याआधी. वाचकांना वाटते की अद्भुतात काहीही चालते. प्रत्यक्षात सर्वाधिक शिस्त तिथेच लागते. सध्याच्या कादंबरीतले राज्य ब्रह्मगिरीसारख्या डोंगराच्या पोटात आहे, कारण गोदावरी ब्रह्मगिरीवर उगम पावून लुप्त होते आणि पुढे कुशावर्तात प्रकटते, ही लहानपणापासून ऐकलेली कथा मला सोडत नाही. नायिकेने आपली शक्ती वापरली की तिची एक आठवण कायमची पुसली जाते, असा त्या राज्याचा नियम आहे. त्यासाठी मी एक वेगळी वही ठेवली आहे: डाव्या पानावर पुसल्या गेलेल्या आठवणी, उजव्या पानावर उरलेल्या. नायकाशी तिची पहिली भेट तिला आठवते की नाही, हे त्या वहीत पाहिल्याशिवाय पुढचा प्रेमप्रसंग लिहिताच येत नाही. एकदा का नियम मोडला, की प्रेमातली तळमळही खोटी वाटू लागते, आणि हप्त्याने वाचणारी मंडळी ते त्याच रात्री कळवतात. संपादकीय कसोटी म्हणतात ती हीसुद्धा आहे.

लिहून झाल्यावर दुसरे काम सुरू होते. मी युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या यंत्रांवर सारख्याच वाचता येणाऱ्या अक्षरसंकेतात, टंकलेखन करते. अक्षरजुळणी करणारे अनेक जण अजून जुन्या फॉन्टमध्ये पाने लावतात. मजकूर एकातून दुसऱ्यात नेताना ‘वाऱ्यावर’, ‘तऱ्हा’ अशा शब्दांतला अर्धा र हमखास निखळतो, आणि छापील आवृत्तीवरून ई-पुस्तक तयार करताना तीच दुरुस्ती पुन्हा उलट्या दिशेने करावी लागते. मुद्रितशोधनाची ही मजुरी प्रकाशक करतो तेव्हा त्याचे श्रेय त्याला जरूर द्यावे. चांगला प्रकाशक संपादन करतो, ग्रंथालयांपर्यंत पुस्तक पोहोचवतो, उधारी सांभाळतो. मी प्रकाशकांच्या विरोधात नाही, हे स्पष्ट सांगते.

मग स्वतः प्रकाशन का करायचे? मुख्य कारण असे, की एका मोठ्या कथेचे निरनिराळे हक्क निरनिराळ्या ठिकाणी अधिक चांगले वापरले जातात. ॲमेझॉनच्या किंडल या ई-पुस्तक सेवेवर मराठी पुस्तके डिसेंबर २०१६ पासून मिळू लागली. तिथे भारतातील विक्रीवर ७० टक्के मानधन हवे असेल तर ९० दिवसांच्या एकाधिकार योजनेत पुस्तक नोंदवावे लागते, एरवी ३५ टक्के मिळतात. नोंदवले, की तेवढ्या मुदतीत त्या मजकुराचे डिजिटल रूप दुसरीकडे कुठेही ठेवता येत नाही, म्हणजे आधी प्रसिद्ध केलेले हप्ते काढून घ्यावे लागतात. छापील प्रत मात्र मोकळी राहते. हप्त्यांवर जमलेला वाचक दूर लोटायचा की जास्तीच्या मानधनावर पाणी सोडायचे, हा निर्णय प्रत्येक पुस्तकागणिक वेगळा घ्यावा लागतो. मी मालिकेचा पहिला भाग खुला ठेवते आणि पुढचे भाग योजनेत घालते.

कराचाही यात भाग आहे. छापील पुस्तकावर जीएसटी नाही. ज्याची छापील आवृत्ती आहे अशा ई-पुस्तकावर २०१८ पासून ५ टक्के, आणि जे फक्त ई-पुस्तक आहे त्यावर १८ टक्के. मजकूर तोच, वाचक तोच. केवळ कागदावर आली नाही म्हणून कादंबरीवर एवढा कर का, याचे उत्तर अर्थखात्याने द्यायला हवे. आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळखक्रमांक, मात्र आपल्याकडे लेखकालाही राजा राममोहन रॉय राष्ट्रीय संस्थेकडून विनाशुल्क मिळतो. त्यासाठी कोणी पैसे मागत असेल तर नवोदितांनी सावध व्हावे.

आता करारनाम्याविषयी. काही काळापूर्वी एका प्रकाशकाने माझी हप्त्यांतली कादंबरी छापण्याची तयारी दाखवली आणि छापील मसुदा पाठवला. त्यात मुद्रण, ई-पुस्तक, श्राव्य पुस्तक, अनुवाद, चित्रपट आणि मालिका असे सगळे हक्क एकाच वाक्यात, मुदत न लिहिता, मागितले होते. मानधन फक्त छापील प्रतींवर ठरवले होते. मी सही केली नाही. माझ्या ओळखीतल्या काही तरुण मुलींनी मात्र तशाच कागदांवर आनंदाने सह्या केल्या आहेत, कारण पुस्तक हातात येणार यापलीकडे त्यांना कोणी काही सांगितले नव्हते.

कायदा लेखकाच्या बाजूने बरेच बोलतो. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १९ नुसार हक्कांच्या हस्तांतरणात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षे धरली जाते, प्रदेश लिहिलेला नसेल तर फक्त भारत धरला जातो, आणि घेतलेला हक्क एका वर्षात वापरला नाही तर, करारात वेगळे म्हटले नसल्यास, ते हस्तांतरण रद्द समजले जाते. २०१२ च्या दुरुस्तीनंतर, करार करताना अस्तित्वात नसलेल्या माध्यमाचे हक्क त्याचा स्पष्ट उल्लेख असल्याखेरीज जात नाहीत. पण या तरतुदींतला बराचसा आधार करारातल्या एका ओळीने हिरावून घेता येतो, म्हणून सहीपूर्वी ती ओळ शोधणे महत्त्वाचे. प्रेमकथा लिहिणाऱ्या अनेक जणी घरच्यांच्या भीडेमुळे टोपणनाव घेतात. त्यांनी हेही ध्यानात ठेवावे की लेखकाची ओळख उघड झालेली नसेल तर कॉपीराइटची ६० वर्षे मृत्यूनंतर नव्हे, प्रसिद्धीपासून मोजली जातात. शिरवाडकरांनी कविता ‘कुसुमाग्रज’ म्हणून लिहिल्या, पण ते कोण हे सगळ्या महाराष्ट्राला ठाऊक होते.

माझी विनंती नाशिकमधल्या संस्थांना आहे. १८४० साली स्थापन झालेले आपले सार्वजनिक वाचनालय आणि कुसुमाग्रज प्रतिष्ठान यांनी नवलेखकांसाठी कथालेखनाच्या शिबिरांबरोबर करारनामा कलमाकलमाने वाचून दाखवणारी एक सभा एखाद्या जाणत्या वकिलाच्या मदतीने दरवर्षी घ्यावी. वाचकांपर्यंत पुस्तकांच्या पेट्या पोहोचवणाऱ्या प्रतिष्ठानच्या ‘ग्रंथ तुमच्या दारी’ उपक्रमात लेखकांनी स्वतः छापलेली, पण नीट संपादित केलेली पुस्तके यावीत. आणि आपल्या वृत्तपत्राच्या पुस्तक परिचयाच्या सदरात अशा पुस्तकांनाही जागा मिळावी. परीक्षण कठोर असले तरी चालेल, पुस्तक वाचून लिहिलेले असावे.

आपली विश्वासू,
एक कादंबरीलेखिका,
गंगापूर रोड, नाशिक