गळ्याच्या बटणाबद्दल आभार

मामा, नमस्कार.

तुम्ही दिलेला खाकी शर्ट परत करायचा नाही असं मी ठरवलंय. रागावू नका. गोठ्याचं फाटक परवा पुरं झालं, तेव्हाही तोच अंगावर होता.

खानापूरहून बेळगावच्या उद्यमबागला तुमच्या वेल्डिंगच्या दुकानात पहिल्यांदा आले ती डोळे पोळून घेऊन. फाटक स्वतः जोडायचं म्हणून जिथून वेल्डिंगचं मशीन घेतलं तिथे आधी 'बाई, घरातल्या कुणा पुरुषाला पाठवा' असं ऐकवलं, आणि पैसे हातात पडल्यावर गॅस वेल्डिंगचा हिरवा चष्मा माझ्या गळ्यात मारला. तो घालून दुपारी वेल्डिंगचे चार टाके मारले. मध्यरात्री डोळ्यांत वाळू भरल्यासारखं झालं. दोन दिवस खिडक्या लावून पडून होते. २०० अँपिअरचं मशीन विकणाऱ्याला आर्कसाठी, म्हणजे विजेच्या वेल्डिंगसाठी, १० किंवा ११ नंबरची गडद काच लागते हे माहीत नसेल? मला अजून त्याचा संताप येतो.

तुम्ही सगळं ऐकून घेतलंत. मग माझा जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेला, पाइप बाजूला सारलात. "ह्याच्यावरच्या जस्ताचा पांढरा धूर छातीत गेला की रात्री थंडी वाजून ताप भरतोय बघ. साधा एमएस घे, बिनमुलाम्याचा लोखंडी." वेल्डिंगचे रॉड २.५ मिमीचे दिलेत, करंट ८० अँपिअरच्या आसपास ठेवायला सांगितलंत. पूर्ण तोंड झाकणारं हेल्मेट, चामड्याचे लांब हातमोजे, जोडावरची खपली झाडताना घालायचा साधा चष्मा, हे सगळं दाखवलंत.

पण माझ्या मनात राहिलाय तो शर्ट. ठिणगीनं वितळेल असा माझा टेरिकॉटचा कुर्ता बघून तुम्ही खुंटीवरचा आपला सुती शर्ट काढून दिलात. गळ्याचं बटण तुटलेलं होतं. "चालतंय की," मी म्हटलं.

"चालत नाही, बाळ. गळा उघडा राहिला तर आर्कच्या उजेडानं कातडं सोलून निघतंय."

मशीन बंद करून तुम्ही सुई शोधलीत. भाजल्याचे डाग पडलेल्या त्या बोटांना दोरा ओवता येईना. तीनदा चुकलात, पण कुणाला हात लावू दिला नाहीत. बाहेर दोन गिऱ्हाइकं खोळंबली होती. "थांबा की जरा," एवढंच त्यांना. तेव्हा अनोळखी असलेल्या बाईच्या गळ्याला झळ लागू नये म्हणून स्वतःचा धंदा थांबवणारी माणसं आपल्या भागात आहेत, हे मला सगळ्यांना सांगायचंय.

पाऊस ओसरला की मामींना घेऊन फाटक बघायला या. बिजागरीजवळचा एक जोड जाड झालाय. तो तसाच ठेवू की घासू, ते तुम्हीच बघून सांगा.

तुमची,
खानापूरची भाची