बरोबर लिहिलंय का, बघा

आदरणीय डॉक्टर,

स. न. वि. वि.

समोर बसून तुमचे आभार मानायचा मी दोनदा प्रयत्न केला. पहिल्या वेळी बाहेर बाकावर बारा-पंधरा पेशंट ताटकळत होते. दुसऱ्या वेळी माझ्याच घशात आवंढा आला. तेवढ्यात तुम्ही माझ्या मनूच्या ऐकण्याच्या मशीनचा कानात बसणारा साचा बघून म्हणालात, "मोल्ड सैल झालाय, नवीन माप द्या," आणि आम्ही उठलो. म्हणून हे पत्र. सगळ्यांना वाचता येईल असं लिहितेय, कारण आमच्या पतसंस्थेच्या काउंटरवर येणाऱ्या दोघी-तिघींनी मला बाजूला घेऊन विचारलंय, "ताई, तुमच्या मुलीच्या कानाला ते काय लावलंय? आमचापण अजून बोलत नाही हो."

मी पतसंस्थेत कारकून आहे. बारा वर्षं नोंदी करतेय. आमच्याकडे पावती नाही, नोंद नाही, म्हणजे व्यवहार झालाच नाही. मनू दीड वर्षाची होईपर्यंत माझ्या बोलण्याचं अगदी तसंच चाललं होतं. मी सांगत होते, पण ते कुठल्याच कागदावर येत नव्हतं.

मनूला जन्मल्यावर तिसऱ्या दिवशी कावीळ वाढली. आठ दिवस काचेच्या पेटीत, एकदा रक्तही बदलावं लागलं. त्या दवाखान्याने तिचा जीव वाचवला, ते मी विसरणार नाही. पण घरी सोडताना जे कार्ड दिलं, त्यावर 'श्रवण चाचणी' असा एक रकाना होता आणि त्यात एक आडवी रेघ मारलेली होती. मी तेव्हा ती रेघ बघितली आणि सोडून दिली. आमच्या खतावणीत रेघ मारली की अर्थ होतो, कुणीतरी तपासलं आणि तिथे काही नाही. मी तोच अर्थ घेतला. खरं तर तिथे कुणी बघितलंच नव्हतं. एवढी कावीळ झालेल्या बाळाचे कान तपासायचेच असतात, पहिल्या चाचणीत पास झालं तरी पुढे लक्ष ठेवायचं असतं, हे मला तुमच्याकडून कळलं. पहिल्या महिन्यात चाचणी, तिसऱ्यापर्यंत निदान, सहाव्यापर्यंत उपचार सुरू, असा सरळ हिशेब असतो म्हणे. आमचं खातं १९व्या महिन्यात उघडलं.

मधल्या काळात आम्ही काही घरी बसून नव्हतो. दीड महिना, अडीच, साडेतीन, मग नऊ, बारा, पंधरा, प्रत्येक लसीला वेळेवर गेलो. प्रत्येक वेळी सुई, बर्फाचा तुकडा, तापाचं औषध, पुढची तारीख. तीन मिनिटं. नवव्या महिन्यापासून मी दर वेळी तेच विचारत होते, की मागून हाक मारली तर ही वळत का नाही? पंधराव्या महिन्यात तिथल्या डॉक्टरांनी तिच्या कानाशी दोन टाळ्या वाजवल्या. मनू गर्रकन वळली. "ऐकतेय की! मॅडम, मोबाइलवर वाचणं जरा कमी करा." मागचा पेशंट आत आला होता, तो हसला. मीपण हसले. त्या हसण्याचा राग मला अजून येतो, त्यांच्यापेक्षा माझाच जास्त.

घरी तर काय, सगळेच डॉक्टर. सासूबाई म्हणायच्या, "आगं, हिचा बा बी तीन वर्सानं बोलला." वेखंड उगाळून चाटवून झालं. शेजारच्या काकूंनी पोपटाने टोचलेला पेरू आणून दिला, त्याचं उष्टं खाल्लं की पोर पोपटासारखं बोलतं म्हणून. तोही दिला. तासगावच्या गणपतीला गेलो, तर देवळातली घंटा वाजल्याबरोबर मनूने मान वर केली आणि आमच्या घरच्यांनी जागच्या जागी हात जोडले. रथाच्या दिवशी ढोल वाजला तेव्हा ती दचकून बापाच्या गळ्याला बिलगली. झालं, ऐकू येतंय! आणखी काय पुरावा पाहिजे? घंटा, ढोल, कुकरची शिट्टी, आपटलेलं दार. तिच्या जगात एवढेच आवाज होते आणि आम्ही नेमके त्याच आवाजांनी तिची परीक्षा घेत होतो.

तुमच्याकडे आलो ते खोकल्यासाठी. सांगलीला नणंदेकडे आलो होतो, रात्री तिला कफ झाला, सकाळी नणंद तुमच्याकडे घेऊन आली. मे महिना. बाहेर गर्दी. छाती तपासलीत, औषध लिहिलंत, आणि कागद माझ्या हातात द्यायच्या ऐवजी पेन तसंच धरून विचारलंत, "बाकी काय काय करते ही?"

हा प्रश्न तोवर मला कुणी विचारला नव्हता. मी भडाभडा बोलले असणार. चालायला तेराव्या महिन्यात लागली, डब्यावर डबा ठेवते, आरशात बघून टिकली लावते. मग थांबले, कारण पुढचं सांगितलं की लोक हसतात हे मला माहीत होतं. तुम्ही म्हणालात, "आणि तुम्हाला काय वाटतं? खटकतं असं काही?"

मी सांगितलं. तुम्ही लिहायला लागलात. मला वाटलं, असेल डॉक्टरांचं काहीतरी इंग्रजीत, आपल्याला न लागणारं. लिहून झाल्यावर तुम्ही तो केसपेपर टेबलावर फिरवून माझ्याकडे सरकवलात आणि म्हणालात, "बरोबर लिहिलंय का, बघा."

मराठीत होतं. स्वच्छ अक्षरात. 'आई सांगते: मागून हाक मारली तर वळत नाही. कुकर, घंटा यांना वळते. आईला वाटतं, हिला बारीक आवाज ऐकू येत नाही.'

डॉक्टर, त्यानंतर तुम्ही आमच्यासाठी पुष्कळ केलंत. पण मला विचाराल तर ते सगळं त्या एका सरकवलेल्या कागदाच्या मागून आलं. आम्हीही खातेदाराला पासबुक भरून देताना म्हणतो, नोंद बघून घ्या. रोज पन्नासदा म्हणतो. ते ऐकणाऱ्याला काय वाटत असेल, हे मला त्या दिवशी टेबलाच्या दुसऱ्या बाजूला बसल्यावर कळलं. 'कुकर' शब्दावर मी बोट ठेवलं आणि म्हटलं, "कुकरची शिट्टी, नुसता कुकर नाही." तुम्ही कागद परत घेतलात आणि वर बारीक अक्षरात 'शिट्टी' घातलंत. तो शब्द ओळीच्या वर अजून तसाच तिरका आहे.

मग तुम्ही उठून पंखा बंद केलात. दार उघडून बाहेरच्यांना सांगितलंत, "दोन मिनिटं कुणी बोलू नका, एका बाळाचा कान बघायचाय." बाहेर एकदम शांत झालं. घामाने चिंब झालेल्या त्या खोलीत तुमच्या सिस्टर मनूसमोर बसून लाकडी मणी उचलून दाखवत होत्या आणि तुम्ही तिच्या मागे, जरा बाजूला, हातभर लांब वाकून उभे होतात. आधी पातळ कागद चुरगाळलात. काही नाही. कपाच्या काठावरून चमचा हळूच फिरवलात. काही नाही. गोळ्यांच्या रिकाम्या डबीत चार तांदूळ होते, ते हलवलेत. डावीकडे, उजवीकडे, पुन्हा डावीकडे. मनू मणी बघत होती. नणंद माझा दंड धरून उभी होती आणि मला ते सगळे आवाज अगदी ढळढळीत ऐकू येत होते.

टाळीने फसायला का होतं तेही तुम्ही सांगितलंत. टाळी म्हणजे मोठा आवाज, शिवाय हात हलताना दिसतो, गालाला झुळूक लागते. मूल त्यालाही वळतं. आधीच्या डॉक्टरांबद्दल मात्र तुम्ही एक शब्द काढला नाहीत. मी दोनदा विषय काढला, दोनदा तुम्ही तो बाजूला सारलात.

पुढच्या चाचण्यांची कथा लांबवत नाही. झोपेचं सिरप, डोक्याला चिकटवलेल्या तारा, एकदा ऐन वेळी जागी झाली म्हणून परत फेरी. बेराचा, म्हणजे आवाजाला कानाची नस कशी प्रतिसाद देते ते बघणाऱ्या चाचणीचा, रिपोर्ट आला: उजव्या कानाला ६५ डेसिबलपेक्षा बारीक आवाज ऐकू येत नाही, डाव्याला ७०. आपण साधं बोलतो तो आवाज ६० च्या आसपास असतो, असं तुम्ही रिपोर्टच्या मागच्या कोऱ्या बाजूला रेघा मारून दाखवलंत. म्हणजे मी १९ महिने तिच्याशी जे जे बोलले, ज्या अंगाया म्हटल्या, त्या बहुतेक सगळ्या तिच्या अलीकडेच संपत होत्या.

मी विचारलं, आधी कळलं असतं तर? तुम्ही "तसं काही नाही हो" म्हणून मला गप्प करू शकला असता. तुम्ही म्हणालात, "हो, फरक पडला असता." आणि मी रडेपर्यंत थांबलात, रडून होईपर्यंतही थांबलात. मग म्हणालात, "मशीन किती लवकर बसवता येतात ते बघू." मला खोटा दिलासा दिला नाहीत, त्याचे आभार वेगळे मानते.

मोबाइलवर ते व्हिडिओ येतात ना, मशीन लावल्याबरोबर बाळ आईचा आवाज ऐकून हसतं? आमच्याकडे तसलं काही झालं नाही. मनू किंचाळली. पहिला आठवडा तिने मशीन काढून फेकली, एकदा आमटीत टाकलं. मिक्सर लावला की पलंगाखाली जायची. मी घाबरून फोन केला तर तुम्ही म्हणालात, मिक्सर बाहेरच्या ओट्यावर लावा, आणि आज दहा मिनिटं मशीन कानावर राहिलं तर उद्या पंधरा मिनिटं ठेवा.

सासूबाईंना तुम्ही मुद्दाम आत बोलावून घेतलंत, तेही लिहायला हवं. त्या बाहेर बाकावर 'माझं काय काम' म्हणून बसलेल्या. तुम्ही म्हणालात, "आजी, तुमच्याकडे एक काम आहे, रोजचं." आणि सहा आवाज शिकवलेत. तेव्हापासून आमच्या घरात सकाळी चहाच्या आधी हा कार्यक्रम असतो. मशीनची नारिंगी स्टिकरवाली बॅटरी घालायची, मोल्ड कानात नीट बसला का बघायचं, शिट्टी येत नाही ना ऐकायचं. मग सासूबाई मनूच्या मागे बसतात, ओठ दिसू नयेत म्हणून पदर तोंडापुढे धरतात आणि म्हणतात: मम्म. आ. ऊ. ई. श्श. स्स. प्रत्येक आवाजाला मनू एक चुरमुरा वाटीत टाकते. 'स्स'ला ती पहिले चार महिने चुरमुरा टाकत नव्हती. एका सकाळी टाकला. सासूबाईंनी पदर खाली घेतला आणि स्वयंपाकघराकडे बघून ओरडल्या, "आगं, स्स कळला हिला!" दूध उतू गेलं, जाऊ दे म्हटलं.

वाटेत आणखीही चांगली माणसं भेटली. ऐकण्या-बोलण्याच्या थेरपीला येताना तासगाव-सांगली एसटीत कंडक्टरांनी आमची सीट जवळजवळ राखूनच ठेवली, इंजिनच्या घरघरीपासून जरा लांब. कानाच्या चाचण्या करणाऱ्या ऑडिओलॉजिस्ट मॅडम माझ्या नोकरीसाठी नऊच्या आधी येऊन बसायच्या. आमच्या अंगणवाडीच्या ताईंनी नंतर सांगितलं, की अंगणवाडीत मुलांची तपासणी करायला सरकारी पथक येतं, २०१३ पासून तो कार्यक्रम आहे, आणि उशिरा बोलणारी, कमी ऐकणारी मुलं तिथून पुढे जिल्ह्याच्या ठिकाणी पाठवतात. मला त्याचा पत्ताच नव्हता, कारण 'आपण प्रायव्हेटला दाखवतो' या तोऱ्यात मी अंगणवाडीत पाऊल ठेवलं नव्हतं. काउंटरवरच्या बायकांना आता मी आधी अंगणवाडीत विचारा म्हणते, आणि टाळ्या वाजवून समाधान करून घेऊ नका म्हणते.

तुमच्याकडे आता आम्ही लसीलाही येतो, खोकल्यालाही येतो. दर वेळी डोक्याला टेप, वजन, उंची, तक्त्यावर एक टिंब, आणि मग पेन हातात धरून तोच प्रश्न: "नवीन काय?" मी आता घरूनच यादी करून आणते. मागच्या खेपेला १४ शब्द होते. तुम्ही चौदाच्या चौदा उतरवून घेतलेत, 'मांदल' म्हणजे मांजर हे कंसात लिहून, आणि कागद माझ्याकडे सरकवलात.

त्या यादीत एक राहिलं. पहिलं दोन शब्दांचं वाक्य 'आई ये' किंवा 'दूध दे' असेल असं मला वाटलं होतं. गेल्या रविवारी घरी ती बाहुलीला पाटावर बसवून तपासत होती. बाहुलीच्या मागे जाऊन उभी राहिली, चमचा हातात घेतला, मग वर बघून बापाला म्हणाली, "पंका बन."

ह्यांनी पंखा बंद केला. आम्ही तिघंही गप्प उभे राहिलो.

मंगळवारी साडेदहाला येतोय. तेवढं लिहून घ्या.

आपली,
मनूची आई