सूचना : रविवारच्या बैठकीत ए. बर्ट्राम चँडलर

सर्व सभासदांना स्मरण देण्यात येते की, येत्या रविवारी ए. बर्ट्राम चँडलर (१९१२–१९८४) यांच्या विज्ञानकथांवर चर्चा होईल. ब्रिटिश व्यापारी जहाजांवर अधिकारी असताना, न्यूयॉर्क बंदरातील मुक्कामात भेटलेले संपादक जॉन कॅम्पबेल यांच्या प्रोत्साहनाने ते लिहू लागले आणि १९४४ मध्ये त्यांची पहिली कथा प्रसिद्ध झाली. १९५६ मध्ये ऑस्ट्रेलियात स्थायिक झाल्यावर त्यांनी तेथील व न्यूझीलंडच्या जहाजांवर कप्तानपद सांभाळले. त्यांच्या कथांचा नायक जॉन ग्राइम्स याच्या अंतराळयानांवरील पहाऱ्याच्या पाळ्या, हुद्द्यांची शिस्त आणि मालवाहतुकीची विवंचना या अनुभवातूनच आली असून, माझ्या मते तेच त्यांचे खरे बळ आहे. सभासदांनी ‘जायंट किलर’ ही १९४५ची कथा अवश्य वाचून यावे. तिच्यातील निवेदकाचे रहस्य येथे मुद्दाम उघड केलेले नाही.